सम वर्षं डॅडीची, विषम मम्मीची

रोवीना स्टॅम्परच्या लॅपटॉपच्या वरच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा होता आणि ती त्याच्याशी बोलत होती.

"चढ रे बाबा," ती म्हणाली. "अजून थोडा चढ."

एप्रिलचा पहिला रविवार होता. चर्चमधून आल्यावर तिने कपडेही बदलले नव्हते. शेगडीवर बीन्स शिजत होते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा उपडा केलेला होता. त्या डब्यात बिस्किटं कधीकाळी होती, आता केलिनच्या कॉलेजचे कागद असायचे. केलिन म्हणजे रोवीनाची एकुलती एक मुलगी. वीस वर्षांची. आईकडेच राहायची आणि नर्सिंगसाठी रोज डोंगर उतरून चाळीस मैल गाडी हाणत कॉलेजला जायची.

आयकर भरायचं सॉफ्टवेअर एकेक प्रश्न विचारत होतं आणि रोवीना परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होती. कॉलेजची फी किती भरली, शिष्यवृत्ती किती मिळाली, असं सांगणारा कागद कॉलेजकडून जानेवारीतच आला होता. त्यातले आकडे तिने दोनदा ताडून घातले. शिक्षणाची करसवलत म्हणून हिरवा आकडा, म्हणजे सरकारकडून परत मिळणारी रक्कम, बाराशे डॉलरनी वर गेला. पण बाराशेनी भागत नव्हतं. तिला अठराशे साठ हवे होते.

मग पुढचा प्रश्न आला. अभ्यासक्रमासाठी लागणारी पुस्तकं, साहित्य विकत घेतलं का? कॉलेजबाहेरून घेतलं असलं तरी चालेल.

गेल्या वर्षी या प्रश्नाला तिने न वाचताच 'नाही' म्हटलं होतं. आता ती खुर्चीतून उठली. डब्यातले कागद तिने टेबलभर पसरले. शरीररचनेचं पुस्तक. औषधांचं पुस्तक, तेही जुनं, दुसऱ्या एका मुलीकडून घेतलेलं, पण त्या शहाण्या मुलीने सही करून चिठ्ठी दिली होती. स्टेथोस्कोप. प्रयोगशाळेचं सामान. प्रत्येक पावती घातली की आकडा एकेक पायरी वर चढायचा. शेवटची पावती घातल्यावर सवलत एकोणीसशे शहाऐंशीवर जाऊन थांबली.

रोवीनाने दोन्ही हात तोंडावर दाबले. असं काही तिच्या बाबतीत घडत नसे.

गोष्ट अशी होती. आदल्या हिवाळ्यात केलिनला न्यूमोनिया झाला, एक विषय सोडावा लागला, आणि त्यापायी तिच्या शिष्यवृत्तीचा एक हप्ता कॉलेजने परत घेतला. ती अठराशे साठ डॉलरची बाकी तिच्या नावावर बसली. आता पुढचं वर्ष रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचं होतं. त्या वर्षाला चोवीस जागा. केलिनने त्यातली एक मिळवली होती, गुणांवर, कोणाच्या ओळखीने नव्हे. तीस एप्रिलला दुपारी चारपर्यंत बाकी भरली नाही, तर तिचं नाव यादीतून निघणार होतं आणि खालच्या कोणाचं तरी वर सरकणार होतं.

रोवीना चोवीस वर्षं वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत चादरी धूत होती. गाडीचा गिअरबॉक्स गेला तेव्हाच तिची पगारातून उचल घेऊन झाली होती. पतपेढीने नम्रपणे नाही म्हटलं होतं. राहिला होता तो हा हिरवा आकडा.

तिने 'पाठवा'वर बोट ठेवलं, मनातल्या मनात दोन ओळींची प्रार्थना म्हटली आणि दाबलं.

तासाभराने, बीन्स ताटात वाढले जात असताना, उत्तर आलं. रिटर्न नाकारलं. या मुलीचा सरकारी नंबर दुसऱ्या कोणाच्या तरी रिटर्नवर आधीच लागलेला आहे.

रोवीनाने ते तीनदा वाचलं. मग केलिनला रिटर्नमधून काढलं तर काय होतं ते बघितलं. हिरवा आकडा दगड पडावा तसा खाली आला. एकशे ब्याऐंशी.

"केलिन," ती म्हणाली, "तुझ्या डॅडीला तू सांगितलंस ना? जानेवारीत सांगितलं होतं मी तुला. यंदा माझ्या रिटर्नवर मी लावतेय तुला म्हणून."

केलिनने कॉर्नब्रेडचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"केलिन!"

"नाही सांगितलं."

"का?"

"कारण मी तुमची पोस्टमन नाहीये, मम्मी!" केलिन एकदम उसळली. "नऊ वर्षांची होते तेव्हापासून चाललंय. डॅडीला हे सांग, मम्मीला ते सांग. तो तिथून म्हणतो, तुझ्या आईला म्हणावं कुत्रा परत पाठव. तू इथून म्हणतेस, बापाला म्हणावं आधी दाताचं बिल पाठव. मला वाटलं, एकदा तरी तुम्ही दोघं आपापसात बोला. फोन आहेत की दोघांकडे!"

पोरीचं चुकलं होतं आणि पोरीचं बरोबरही होतं.

डेल्मर कॉम्ब्सशी काडीमोड झाला तेव्हा न्यायाधीशाने कागदावर लिहून दिलं होतं. करापुरती मुलगी सम वर्षी बापाची, विषम वर्षी आईची, म्हणजे ज्याचं वर्ष त्याने तिच्या नावाची सवलत घ्यायची. अकरा वर्षं तसंच चाललं. केलिन लहान असताना खेळात म्हणायची, सम वर्षं डॅडीची, विषम मम्मीची. केलिन अठराची झाली तसा तो कागद संपला. ती राहत आईकडे होती, जेवत आईकडे होती, तेव्हा कायद्याने ती आता आईच्याच रिटर्नवर. सॉफ्टवेअरनेही प्रश्न विचारून विचारून तेच सांगितलं होतं. पण सरलेलं वर्ष सम होतं. आणि डेल्मरने फेब्रुवारीतच, सवयीने, तिला स्वतःच्या नावावर लावून टाकलं होतं.

सोमवारी कामाची पाळी संपल्यावर रोवीना खडीच्या खाणीवर गेली. डेल्मर तिथे ट्रक चालवायचा. तो ट्रकच्या पायरीवर बसून डब्यातलं बोलोन्या सॉसेजचं सँडविच खात होता. तिला येताना बघून तो उभा राहिला.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कोणी गेलं नाही."

"मग तू इथं? मला वाटलं कोणी तरी गेलंच."

तिने सगळं सांगितलं. बाकी, जागा, तारीख, नाकारलेलं रिटर्न. तो चावत ऐकत राहिला.

"हे बघ रोवीना," तो म्हणाला, "सम वर्ष माझं. जज्जाने दिलंय. मी काय चोरी नाही केली."

"तो कागद संपला, डेल्मर. ती वीस वर्षांची आहे."

"मला कोणी सांगितलं?"

"तुला माहीत नव्हतं ती वीसची झाली?"

"वाढदिवसाला केक मीच आणला होता. तू मला शिकवू नकोस." त्याचा आवाज चढला. "तिच्या गाडीला टायर कोणी घातले नोव्हेंबरात? चारच्या चार? ती चाळीस मैल जाते ती काय तुझ्या चादरींवर बसून?"

"मी कुठे म्हणतेय की तू काही केलं नाहीस..."

"अकरा वर्षं हेच म्हणत आलीस. आता तू तिला तुझ्या कागदावर लावणार, म्हणजे सरकार मला पत्र पाठवणार, की कॉम्ब्स, तू खोटं लिहिलंस. माझ्या उभ्या जन्मात मी सरकारला खोटं लिहिलेलं नाही."

रोवीनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. याच्यासमोर रडायचं नाही असं तिने अकरा वर्षांपूर्वी ठरवलं होतं. "तिची जागा जाईल रे," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

डेल्मरने खिशातून पाकीट काढलं. त्यात तीनशे डॉलर होते. ते त्याने तिच्या हातात कोंबले. "एवढेच आहेत," तो म्हणाला, आणि ट्रकमध्ये चढून दार जोरात ओढून घेतलं.

मंगळवारी वाचनालयात करांची फुकट मदत मिळायची. लांब टेबलामागे ऑर्व्हिल गेहार्ट बसायचे. निवृत्त गणिताचे मास्तर. त्या खोऱ्यातल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच अपूर्णांक शिकवले होते. रोवीनालाही.

"बस गं," ते म्हणाले. "तू मागच्या बाकावर बसायचीस. खिडकीजवळ."

"हो, सर."

त्यांनी नाकारलेल्या रिटर्नचा कागद चष्मा वर करून वाचला. "हं. एक मूल, दोन दावेदार. या आठवड्यातला तिसरा. एकात तर आजीनेच नातवाला लावून टाकलं होतं. हक्क तुझाच आहे, पोरी, त्यात शंका नाही. छापून पोस्टाने पाठवलंस तर घेतील."

"किती दिवस लागतील, सर?"

"पोस्टाने? शाळा सुरू होताना येतील पैसे. ऑगस्टात. कदाचित पुढेही."

रोवीनाचा चेहरा बघून मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "कधी हवेत?"

"तीस तारखेला."

"याच महिन्याच्या?"

तिने मान डोलावली. मास्तरांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, "एक वाट आहे. सरकारकडून सहा आकडी पिन घ्यायचा. तू तूच आहेस असं पटवलंस की देतात. तो पिन घातला की दुसऱ्याने आधी नाव लावलेलं असलं तरी रिटर्न ऑनलाइन घेतात. मग पुढे दोघांना पत्रं येतात, ज्याचं चुकलं त्याने सुधारायचं. पण घेतात."

"आणि पैसे?"

"म्हणतात एकवीस दिवस. म्हणतात हं. कमीही लागतात. जास्तही लागतात. मी तुला शब्द देऊ शकत नाही."

पिनसाठी फोनने चेहऱ्याचा फोटो काढायचा होता आणि वाहन परवान्याशी तो जुळायला हवा होता. परवान्यावरच्या रोवीनाचे केस लांब होते, गालांवर मांस होतं. फोनने तिला चारदा नाकारलं. पाचव्या वेळी वाचनालयाच्या दारात उजेडाकडे तोंड करून ती उभी राहिली, मास्तर बाजूने म्हणत होते, "हसू नकोस. परवान्यावर कोण हसतं?" आणि फोनने तिला ओळखलं. बुधवारी, नऊ एप्रिलला, तिने सहा आकडे घातले आणि रिटर्न पुन्हा पाठवलं. चाळीस मिनिटांत उत्तर आलं. स्वीकारलं.

स्वीकारलं म्हणजे नुसतं हातात घेतलं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटाने मोजलं. एकविसावा दिवस तीस एप्रिलच येत होता. तिने पुन्हा मोजलं. तीसच.

शनिवारी वाचनालयातून फोन आला. मास्तरांचा होता. "रोवीना, जरा येतेस? इथे एक जण आलाय. ऐकतच नाही."

डेल्मर टेबलाशी बसला होता. अंगात चर्चचा सदरा, आणि समोर संगणक, ज्याच्याकडे तो बांधलेल्या वळूकडे बघावं तसा लांबूनच बघत होता.

"केलिनने केला मला फोन," तो रोवीनाकडे न बघता म्हणाला. "म्हणाली, डॅडी, हा शेवटचा निरोप. यापुढचं तुमचं तुम्ही." त्याने घसा खाकरला. "मी माझा कागद सुधारतोय. मास्तर सांगतायत तसं."

"याने तुझे पैसे लवकर येणार नाहीत, डेल्मरला मी सांगितलंय ते," मास्तर रोवीनाला म्हणाले. "त्याच्याकडूनच सरकारला पाचशे परत जाणार आहेत."

"ते मला कळलंय," डेल्मर म्हणाला. "मला पत्र नकोय. पत्र यायच्या आधी मी सांगितलेलं बरं."

त्याने बोटाने एकेक अक्षर शोधत मुलीचं नाव काढलं. सॉफ्टवेअरने विचारलं, खात्री आहे का? त्याने 'हो' दाबलं. पुन्हा विचारलं. "किती वेळा विचारतंय हे!" तो म्हणाला. मग एक रिकामी चौकट आली. बदलाचं कारण आपल्या शब्दांत लिहा.

डेल्मर त्या चौकटीकडे बघत बसला. मास्तर मागच्या माणसाच्या कागदात डोकं घालून बसले, उगाचच.

"काय लिहू?" त्याने शेवटी विचारलं. मास्तरांना नव्हे, रोवीनाला.

"जे आहे ते लिही."

त्याला बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर त्याने खुर्ची थोडी सरकवली, तिला दिसावं म्हणून. लिहिलं होतं, "मुलगी तिच्या आईकडे राहते. सगळी वर्षं तिच्याकडेच राहिली. तिला तीच सांभाळते. माझी चूक झाली."

रोवीनाने ते वाचलं. अकरा वर्षं ज्याच्यासाठी ती मनातल्या मनात भांडत आली होती, ते तिथे काळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि तिला काही म्हणजे काही वाटलं नाही. तिच्या डोक्यात फक्त एक तारीख होती.

"'राहिली' बरोबर लिहिलंय ना?" डेल्मरने विचारलं.

"बरोबर आहे."

पुढचे दिवस तिने एका पानावर काढले. सरकारच्या त्या पानावर तीन ठिपके होते. मिळालं, मंजूर, पाठवलं. पहिला ठिपका भरलेला. पान दिवसातून एकदाच बदलतं हे तिला माहीत होतं. तरी ती लाँड्रीत दोन यंत्रांच्या मध्ये फोन काढायची, पार्किंगमध्ये काढायची, जेवताना मांडीवर धरायची. एकदा तिने खोली क्रमांक अकरातल्या म्हाताऱ्या मिसेस नेपियरच्या चादरी खोली सतरात टाकल्या. केलिन परीक्षेचा अभ्यास करायची आणि विचारायची नाही. तिचं न विचारणं रोवीनाला सहन व्हायचं नाही.

एकोणतीसला पहिलाच ठिपका.

तीसला सकाळी पहिलाच ठिपका.

तिने रजा टाकली. डेल्मरचे तीनशे, चर्चमधल्या बायकांनी पाकिटात घालून दिलेले एकशे सत्तर आणि स्वतःचे दोनशे चाळीस घेऊन ती कॉलेजच्या फीच्या खिडकीशी गेली. खिडकीत व्हेर्ना बसायची. चांगली बाई होती. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"हे सातशे दहा आहेत," रोवीना म्हणाली. "आणि हा बघा कागद. स्वीकारलंय म्हणून लिहिलंय सरकारने. पैसे निघालेतच समजा."

"बाई, मला कळतंय हो," व्हेर्ना म्हणाली. "पण अर्धवट बाकी घेऊन मला नाव ठेवता येत नाही. मी वर विचारून आले दोनदा. यादीत खाली सोळा मुली थांबल्यात. त्यांच्याही आया येतात इथे."

"चार वाजेपर्यंत थांबू का?"

"थांबा. बसा तिथे."

ती बसली. दर पाच मिनिटांनी फोन उघडत राहिली. बँकेचं खातं, तीन ठिपके, पुन्हा बँकेचं खातं. सव्वातीनला केलिन वर्गातून आली आणि बाजूला बसली. तिने आईच्या हातातून फोन काढून घेतला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. भिंतीवर घड्याळ होतं. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

चार वाजता व्हेर्नाने खिडकीची काच ओढली नाही. चार वाजून दहा मिनिटांपर्यंत तिने ती उघडी ठेवली. मग ओढली.

गाडीत केलिन म्हणाली, "मी सांगायला हवं होतं डॅडीला. जानेवारीत."

"मी स्वतः सांगायला हवं होतं," रोवीना म्हणाली.

"मम्मी, गाडी सुरू कर."

"करते."

पण किल्ली फिरवायला तिला बराच वेळ लागला.

पैसे पाच मेला आले. सोमवार होता. पहाटे बँकेचा निरोप आला, पूर्ण रक्कम, एक सेंटही कमी नाही. रोवीना स्वयंपाकघरात उभी राहून हसायला लागली, आणि ते हसणं ऐकून केलिन बाहेर आली, तेव्हा रोवीना हसत नव्हती.

दुपारी ती परत त्या खिडकीशी गेली. बाकी फिटल्याशिवाय प्रतीक्षा यादीतही नाव जात नव्हतं. तिने अठराशे साठ डॉलरचा चेक सरकवला. व्हेर्नाने तो घेतला, संगणकात काहीतरी लिहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "प्रतीक्षा यादीत केलिन चौथी लागलीय. गुण चांगले आहेत म्हणून इतकी वर. कोणी सोडलं तर बोलावतील ऑगस्टपर्यंत."

"सोडतात का कोणी?"

व्हेर्ना घुटमळली. "गेल्या वर्षी तिघींना बोलावलं होतं."

रोवीनाने मान हलवली. मागे एक बाई रांगेत उभी होती, पर्स छातीशी धरून. रोवीना निघाली, दोन पावलं गेली आणि परत आली.

"पावती द्या," ती म्हणाली.

"अहो, संगणकात आहे सगळं."

"असू दे. मला कागदावर हवी. पुढच्या वर्षी लागेल."

व्हेर्नाने पावती छापून दिली. रोवीनाने ती नीट दुमडली, तारीख वर येईल अशी, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, डब्यात पडेपर्यंत हरवू नये म्हणून.